काखेतली नळी

माझी नात नागपूरला एका प्रयोगशाळेत कामाला आहे. दिवाळीत आली तेव्हा तिनं फोनवर एक फोटो दाखवला. करंगळीच्या पेराएवढी कुपी आणि तिच्या तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी. बर्फात घालून पार्सलनं येते म्हणे.

“आजी, माणसाच्या रक्तात लाल पेशी असतात ना, त्यांच्या सालीवरचं प्रोटीन आहे हे,” ती म्हणाली. “पण माणसातून काढलेलं नाही. ते बनवायची कृती जंतूंच्या पोटात घातली आणि त्यांच्याकडून बनवून घेतलं. औषध नाही, टोचायचं नाही, नुसतं संशोधनाला.”

मी विचारलं, “म्हणजे कोणाच्या बोटाले सुई लावली नाही?”

“नाही.”

“दंडातूनही काढलं नाही?”

“नाही गं आजी. रक्ताचा थेंब नाही.”

मला बाबूजी आठवले. असं होईल हे ते साठ वर्षांपूर्वी सांगून गेले होते. मी तेव्हा हसले होते. नाव लिहीत नाही. त्यांची माणसं कुठे तरी असतील, आणि मी लिहिते आहे ते सगळंच काही चांगलं नाही.

अमरावतीच्या एका दवाखान्यात रक्त तपासायची खोली होती. तिथे मी काचेच्या नळ्या धुवायला होते. चौथी पास, म्हणून नळ्यांवरचे आकडे वाचता येत, एवढीच माझी लायकी. बाबूजी तिथले तपासणारे. मूळचे अचलपूरचे, एकटे राहणारे, उंच आणि वाकलेले. डावा हात नेहमी अंगाशी आवळलेला. नवीन माणसाला वाटायचं हात लुळा आहे. लुळा नव्हता. काखेत नळी असायची.

काही तपासण्यांना अंगाएवढी ऊब लागते. त्यासाठी विजेची पेटी असते, ती आमच्याकडे नव्हती. मागणीचा कागद दर वर्षी जायचा आणि दर वर्षी परत यायचा. मग बाबूजी नळीला बूच लावून ती काखेत धरत आणि तासभर तसेच फिरत. तसेच चहा पीत, तसेच रजिस्टर लिहीत. एकदा नागपूरहून मोठे साहेब पाहणीला आले. सगळे हात जोडून उभे, बाबूजींनी एकच हात वर केला. साहेब तापले. “नमस्कार करता येत नाही?” बाबूजी म्हणाले, “वीस मिनिटांनी येईल.”

आमचा शिपाई त्यांना तोंडावर म्हणायचा, “काखेत कळसा अन् गावाले वळसा.” बाबूजी म्हणायचे, “कळसा नाही, वलगावच्या बाईचं रक्त आहे. धक्का देऊ नको.”

उन्हाळ्यात मात्र काख सुटायची. वैशाखात ती खोलीच एवढी तापायची की नळ्या उलट ओल्या फडक्यात ठेवाव्या लागत. ते म्हणायचे, देवानं वऱ्हाडाला पेटी फुकट दिली, फक्त बटण द्यायचं विसरला.

दुसरी खोड घाणेरडी होती. मी नळ्या सोड्याच्या पाण्यात उकळून, खळबळून, वाळवून टोपलीत लावल्या की ते येऊन त्यातली एखादी उचलत आणि जिभेला लावत. मग ठरलेलं, “सोडा आहे.” की सगळी टोपली परत. पहिल्या महिन्यात मी त्यांना मनातल्या मनात रोज शिव्या दिल्या. एकदा मोठ्यानंही दिली. ते म्हणाले, “सोडा राहिला की पेशी फुटते. पेशी फुटली की मी वाचतो ते खोटं. मंग तू माह्या नावानं रडशील, का ज्याले चुकीचं रक्त चढलं त्याच्या नावानं?” मी टोपली उचलली. परत धुतल्या.

लाल पेशींना ते ‘चकत्या’ म्हणत. चकत्या मिठाच्या पाण्यानं तीन वेळा धुवायच्या, हातानं फिरवायच्या यंत्रात घालून खाली बसवायच्या. दर सोमवारी ओळखीच्या रक्ताच्या ताज्या चकत्या लागत, म्हणून सोमवारी ते सुई घेऊन दवाखाना फिरत. चौकीदाराचा ए, कंपाउंडरचा बी. दोघेही सोमवारी उशिरा येत. माझा एबी निघाला. “निकामी,” ते म्हणाले आणि मला सोडून दिलं. मला बरं वाटलं. निकामी असण्याचा तेवढा एकच फायदा मी आयुष्यात पाहिला.

डोळ्यानं पाहिल्याशिवाय ते कागदावर काही लिहीत नसत. एक डॉक्टर घाईत म्हणाले, “अहो, बापाचा बी, आईचा बी, पोराचा बी लिहून टाका.” बाबूजी म्हणाले, “तुम्ही लिहा, तुमचा कागद आहे. माझ्या कागदावर मी पाहिलेलंच येईल.” त्या पोराचा निघाला ओ. अशा वागण्यानं माणसाला बढती मिळत नाही. त्यांनाही मिळाली नाही.

आता माझं सांगते. मला पहिली मुलगी झाली, शांता. धडधाकट. दुसरा मुलगा झाला तो दुसऱ्या दिवशी हळदीसारखा पिवळा पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला. त्याच्यामागून आणखी एक मुलगा झाला. तो जन्मतःच पिवळा होता. तो एका रात्रीचा. आम्ही तेव्हा नुकतेच बौद्ध झालो होतो. सासूनं घरातले देव पोत्यात भरून नदीत सोडले, पण माझ्या पोटाला नजर आहे ही गोष्ट काही सोडली नाही. आत्याबाई, म्हणजे ही सासूच, रोज काही तरी बोलायच्या. नवरा कापसाच्या जिनात कामाला होता. आईचं बोलणं सुरू झालं की तो उठून बाहेर जायचा.

त्या वर्षी मुंबईहून एक नवीन सीरम आलं. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहतं ते पिवळं पाणी. एवढीशी बाटली, त्यात वीस-पंचवीस माणसांपुरतं. बाबूजींनी ती देवासारखी ठेवली. वापरायच्या आधी पारख करायची म्हणून त्यांनी आमच्या सगळ्यांच्या चकत्या त्यात घालून पाहिल्या. चौकीदाराच्या चकत्यांचा गोळा झाला. कंपाउंडरच्या, शिपायाच्या झाला. माझ्या नाही झाला.

त्यांनी दोनदा केलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, “बाई, लेकरं किती?”

“एक जिती. दोन मेले.”

“पिवळे पडून?”

मी हातातली नळी खाली ठेवली. हे मी तिथे कोणाला सांगितलं नव्हतं.

त्यांनी माझ्या दंडातून रक्त काढलं, गोठू दिलं, वरचं पाणी घेतलं आणि त्यात एकेकाच्या चकत्या टाकून नळ्या काखेत धरल्या. तासानं काढल्या. सगळ्यांचे गोळे. मुंबईच्या बाटलीत जे होतं तेच माझ्या अंगात होतं.

मग त्यांनी मला जसं होतं तसं सांगितलं. “चकतीच्या सालीवर एक खूण असते. बहुतेकांच्या असते. तुह्या चकत्यांवर नाही. तुह्या नवऱ्याच्या असंन, म्हणून लेकरांच्या होती. तुह्या रक्तानं ती पाहिली अन् परकी समजली. पहिली पोरगी एक तं बिनखुणेची असंन, नाही तं ही ओळख पटायच्या आधीच सुटली. त्या दोघायच्या चकत्या तुह्या रक्तानंच फोडल्या.”

“म्हंजे म्या मारले?”

“तुह्या रक्तानं मारले. तू नाही.”

“काय फरक आहे?”

त्यांनी विचार केला. “माहीत नाही,” म्हणाले. दुसरा कोणी असता तर काही तरी गोड बोलला असता.

“कशाची आहे ती खूण?”

“तेही कोणाले माहीत नाही. सालीत काही तरी रुतलेलं आहे, एवढंच.”

एबी असल्यानं माझं सीरम दुसऱ्या कशावरही उगाच धावून जात नव्हतं, फक्त त्या एका खुणेवर जायचं. तपासणीला याहून चांगलं मिळत नाही, असं ते म्हणाले. त्या दिवसापासून मी निकामी राहिले नाही. दर तीन-चार महिन्यांनी माझ्या दंडातून बाटली भरायची आणि त्या दवाखान्यात येणाऱ्या मोठमोठ्या घरच्या बायांचं रक्त माझ्या रक्तानं तपासलं जायचं. ज्यांना आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्यांचंसुद्धा. ते त्यांना कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

घरी तेव्हा दुसऱ्या बायकोची बोलणी चालू होती. मी नळ्या धुता धुता एकदा बोलून गेले. बाबूजी सुई पुसत होते, थांबले.

“त्यायले दाखवू,” म्हणाले.

“काय दाखवता?”

“गोळा. डोळ्यानं पाहिलं की माणूस ऐकते.”

हा माणूस कधी कोणाच्या लग्नाला गेला नाही, मयतीला गेला नाही. मे महिन्यात, भर दुपारी, तो सायकल मारत आमच्या वस्तीत आला. डबीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली माझ्या सीरमची नळी. शांता तेव्हा सात वर्षांची होती, दारात उभी राहून पाहत होती. नवऱ्याची सुट्टी होती. सासूबाई ओट्यावर.

“आत्याबाई, हे आमच्या दवाखान्यातले बाबूजी.”

“काहून आले?”

“तुमच्या पोराचं थेंबभर रक्त पाह्यजे,” बाबूजी म्हणाले.

“वा रे वा! लेकरं इची मरून राह्यली, अन् रक्त माह्या पोराचं?”

नवऱ्यानं मात्र बोट पुढे केलं. का, ते मला कधी कळलं नाही. बाबूजींनी आमची पांढरी बशी मागितली, ती ओट्यावर उन्हात ठेवली, तापू दिली. बशीच्या एका कडेला त्याचं रक्त, दुसऱ्या कडेला माझं. दोन्हींवर माझ्या सीरमचा एकेक थेंब. मग बशी हातात धरून हळूहळू डोलवली. आम्ही सगळे वाकून पाहत होतो, धान्य पाखडताना पोरं पाहतात तसे. माझं रक्त सरबतासारखं साधं राहिलं. त्याचं फाटलं. दूध नासतं तसे लाल कण झाले, बाजूला पाणी सुटलं.

“पाहा,” बाबूजी म्हणाले. “हेच तिच्या पोटात घडते. नजर नाही, बाधा नाही. तिचा दोष नाही, तुमच्या पोराचाही नाही. या दोघायचं रक्त जमत नाही, एवढंच.”

सासूनं बशी स्वतःच्या हातानं डोलवून पाहिली. शाळेत न गेलेली बाई, पण डोकं तल्लख.

“म्हंजे पुढचं लेकरूही जाईन?”

“जाईन. पुढचं पोटातच जाईन बहुतेक.”

“कोणतं औषध?”

“इथं नाही.”

“अन् यानं दुसरी केली तं?”

मी बाबूजींकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, बशीकडे पाहिलं. एक ‘माहीत नाही’ म्हणाले असते तर काम झालं असतं. मला तेच शब्द त्यांनी आधी म्हणून दाखवले होते. पण तेव्हा त्यांना खरंच माहीत नव्हतं, आणि आता माहीत होतं.

“तुमच्या पोराच्या रक्तात जी खूण आहे, ती बहुतेक बायांच्याही रक्तात असते,” ते म्हणाले. “दुसरी केली तर लेकरं जगतील.”

सासू उठली. पदर झटकला. “बस. एवढंच पाह्यजे होतं.” आणि मला म्हणाली, “चहा ठेव वं बाबूजीले. इतके उन्हाचे आले.”

मी चहा ठेवला. त्यांनी तो प्याला. जाताना सायकलपाशी म्हणाले, “बाई, मी खरं ते सांगितलं.”

“हाव,” मी म्हटलं. “डोळ्यानं पाहिलेलं.”

ते गेले. काखेत काही नव्हतं, तरी डावा हात अंगाशी आवळलेला होता.

महिन्याभरात वलगावची मुलगी आली. सरकारनं दोन बायकांविरुद्ध कायदा केला होता म्हणे, आमच्या वस्तीत तो पोचला नव्हता. मी शांताला घेऊन निघाले आणि दवाखान्याच्या मागे एक खोली केली. कोणी हाकललं नाही, मीच निघाले. त्या मुलीला चार लेकरं झाली. चारही जगली. बाबूजींचं वाचन चुकीचं नव्हतं.

मी कामावर परत गेले तेव्हा दोन बदल झाले होते. एक म्हणजे भिंतीवर त्यांच्या अक्षरात पुठ्ठा लावला होता, ‘ज्याचे त्याने विचारल्याशिवाय सांगू नये.’ दुसरा बदल असा, की त्यांनी नळ्या चाटायचं बंद केलं. मी टोपली ठेवायची, ते न पाहता उचलायचे. पंधरा दिवस असे गेले. ते मला चाटण्यापेक्षा जास्त असह्य झालं. शेवटी मी म्हटलं, “चाटा न बाबूजी. सोडा राह्यला असंन तं?”

त्यांनी एक नळी उचलली, जिभेला लावली. “आहे,” म्हणाले. मी टोपली परत नेली.

क्षमा त्यांनी कधी मागितली नाही. मागितली असती तर मी काय केलं असतं, तेही मला माहीत नाही. दर तीन-चार महिन्यांनी मी दंड पुढे करायचे, बाटली भरायची. एकदा सुई काढताना ते म्हणाले होते, “एक दिवस ती खूण सालीवरून सुटी करतीन अन् कुपीत भरतीन. माणूस लागणारच नाही. मंग तुले कोणी टोचणार नाही.” मी हसले. म्हटलं, “तोवर माह्यात रक्त उरलं पाह्यजे.”

पुढे त्यांची बदली अकोल्याला झाली. निरोपसमारंभ झाला नाही. सोमवारी ते नव्हते, एवढंच.

शांता सोळा-सतरा वर्षांची झाली आणि अकोल्याचं स्थळ आलं. मुलगा प्राथमिक शाळेत मास्तर, घरचे साधे. तोवर मी तिचं रक्त तपासलं नव्हतं. कधीही तपासता आलं असतं. नळ्या माझ्या हातात, सीरम माझ्या अंगात. मी तिला नेलं नाही. बाबूजींनीही विचारलं नाही. पुठ्ठा होता ना. तिच्या चकत्यांवर बापाची खूण असेल तर ती सुटली. नसेल तर माझ्यासारखी. एक लेकरू जगेल, मग पिवळी लेकरं, मग बशी, मग चहा.

मुलाकडचे तारीख धरायला बसले होते. मी म्हटलं, आठ दिवस थांबा. आणि शांताला घेऊन बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. अमरावतीलाही तपासणारा होता. पण मला दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांवर भरवसा नव्हता.

पौषाचे दिवस होते, बोचरी थंडी. बाबूजी तिथल्या खोलीत घोंगडी पांघरून बसले होते. हिवताप. खोलीत विजेची पेटी आली होती. ती बिघडून सहा महिने झाले होते.

“काय वं बाई?”

“पोट्टीचं पाहाचं आहे.”

“विचारून राहिली?”

“हाव. विचारून राहिली.”

त्यांनी शांताच्या बोटाला सुई लावली. माझ्या दंडातून काढलं, गोठू दिलं. चकत्या तीन पाण्यांनी धुतल्या. मग तीन नळ्या लावल्या. पहिलीत शांताच्या चकत्या. दुसरीत माझ्या, त्यांचा गोळा होऊ नये. तिसरीत तिथल्या शिपायाच्या, त्यांचा गोळा व्हायलाच हवा, म्हणजे माझं सीरम अजून धरतं की म्हातारं झालं ते कळेल. तिन्हींत माझं सीरम आणि कसल्याशा चिकट पाण्याचा थेंब.

बुचं लावून त्यांनी नळ्या काखेकडे नेल्या आणि थांबले.

“माह्या अंगात एकशे दोन ताप आहे. ही काख चालणार नाही. तू धर.”

मी बाकावर बसले. तिन्ही नळ्या काखेत धरल्या. काच आधी गार लागली, मग लागेनाशी झाली. असा तास मी आयुष्यात दुसरा बसले नाही. ज्यानं माझी दोन लेकरं फोडली ते माझं पाणी, आणि त्यात माझ्या पोरीच्या चकत्या. पहिल्यांदाच मी देवाजवळ नाही, कोणाजवळ ते माहीत नाही, पण मागत होते, की फोड. धर तिला. परकी समज.

“माय, काय निघालं तं बरं?” शांतानं विचारलं. तिला सगळं माहीत होतं.

“गप बस. नळी हालते.”

“अन् वाईट निघालं तं?”

“तं मास्तरच्या घरी खरं सांगाचं. मंग त्यायची मर्जी.”

“लगन मोडन.”

“मोडू दे.”

ती दुसरीकडे तोंड करून बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला असता, पण एक हात अडकलेला होता आणि दुसऱ्यानं बाक धरला होता.

तास झाला. बाबूजींनी नळ्या यंत्रात फिरवल्या आणि स्टँडला लावून माझ्यासमोर ठेवल्या. तिन्हींच्या तळाशी लाल गुंडी बसलेली.

“वाच,” ते म्हणाले.

“मी?”

“मी वाचणार नाही. मागे एकदा मी वाचलं होतं.”

एवढंच. दहा वर्षांत या विषयावर ते तेवढंच बोलले.

नळी तिरपी करून टिचकी मारायची असते. गुंडीचा धूर झाला तर नाही. गुंडी तशीच राहिली तर आहे. अमरावतीत वर्षानुवर्षं त्यांना पाहिलं होतं, मला शिकवावं लागलं नाही. आधी माझी उचलली. टिचकी मारली. धूर. शिपायाची उचलली. गुंडी हलली नाही, म्हणजे सीरम अजून धरत होतं. मग शांताची. तिला दोन टिचक्या मारल्या, मग तिसरीही मारली.

गुंडी तशीच. खड्यासारखी.

“गोळा आहे,” मी म्हटलं.

“डोळ्यानं पाहिलं?”

“पाहिलं.”

त्यांनी घोंगडीतून हात काढला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं. मी जे सांगितलं ते, स्वतः न पाहता. त्यांच्या रजिस्टरात तशी ती एकच ओळ असावी.

शांता रडायला लागली. गाडीला वेळ होता. मी नळावर जाऊन त्या तिन्ही नळ्या सोड्यानं धुतल्या, खळबळल्या, आणून त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी एक उचलली आणि जिभेला लावली. तापाच्या तोंडाला काय चव कळणार.

“सोडा आहे,” ते म्हणाले.

मी परत धुतल्या.